वसईचा दुभाषी: गोन्सालो गार्सिया संत कसे ठरले

केरळच्या सिस्टर अल्फोन्सा यांना १२ ऑक्टोबर २००८ रोजी संतपद मिळालं, तेव्हा कितीतरी ठिकाणी ‘पहिल्या भारतीय संत’ अशी बातमी छापून आली. अल्फोन्सा या पहिल्या भारतीय महिला संत. भारतात जन्मलेल्या पहिल्या कॅथलिक संताची घोषणा त्याआधी १४६ वर्षं, ८ जून १८६२ रोजीच झाली होती, आणि ते होते वसईचे ब्रदर गोन्सालो गार्सिया. वसई-विरार पट्ट्यात हे नाव शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. त्या पट्ट्याबाहेर मात्र ‘जपानमध्ये क्रुसावर मारले गेले ते’ एवढ्यावर गाडी थांबते.

एक वसईकर सोळाव्या शतकात जपानला पोहोचला कसा, त्याला मारलं का, आणि मारल्या गेलेल्या सगळ्यांना चर्च संत म्हणत नाही तर यालाच का म्हटलं, हे तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. पहिल्या दोघांचं उत्तर राजकारण आणि व्यापार यांत आहे. तिसऱ्याचं उत्तर मात्र तिथं मिळत नाही, आणि नेमकं तेच बहुतेक लेखांतून सुटतं.

वसई, मकाऊ, नागासाकी

गुजरातच्या बहादूरशहाने १५३४च्या तहात वसई पोर्तुगिजांना दिली. त्यानंतर बावीस-तेवीस वर्षांनी, १५५६ किंवा १५५७ मध्ये, गोन्सालोंचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज, आई इथली. जुन्या कागदपत्रांत आईला ‘कानारी’ म्हटलेलं आढळतं. कोकणपट्टीतल्या मूळ रहिवाशांना पोर्तुगीज सरसकट तसं म्हणत, तेव्हा तेवढ्यावरून त्यांचं घराणं कर्नाटकात नेऊन ठेवायचं कारण नाही.

वसईच्या किल्ल्यात येशूसंघ या कॅथलिक धर्मसंघाचं, म्हणजे जेज्वीटांचं, कॉलेज होतं. तिथं फादर सेबास्तियांव गोन्साल्विस यांच्या हाताखाली गोन्सालो शिकले, आणि पंधरा-सोळाव्या वर्षी, १५७२च्या सुमारास, त्यांच्याबरोबरच जपानच्या वाटेला लागले. ही वाट सरळ नव्हती. गोव्याहून जहाज एप्रिल-मेमध्ये सुटायचं, मलाक्कामार्गे चीनच्या किनाऱ्यावरच्या मकाऊ या पोर्तुगीज ठाण्याला पोहोचायचं, तिथं पुढच्या उन्हाळ्याच्या वाऱ्याची वाट पाहत महिनोन्‌महिने थांबायचं आणि मग नागासाकी गाठायचं. सगळं सुरळीत झालं तरी वर्षाच्या वर काळ जायचा. नागासाकी बंदर पोर्तुगिजांना १५७१ मध्ये नुकतंच खुलं झालं होतं. रेशीम आणि चांदीचा व्यापार, आणि त्याच जहाजांतून धर्मगुरू, अशी ती घडी होती.

जपानमध्ये गोन्सालो आठेक वर्षं धर्मशिक्षक होते. धर्मशिक्षकाचं काम गावोगावी जाऊन लोकांना प्रार्थना शिकवणं, स्नानसंस्काराची तयारी करून घेणं, आणि फादर बोलतील ते लोकांच्या भाषेत सांगणं. मोठ्या वयात आलेल्या युरोपीय धर्मगुरूंना जपानी भाषा फार जड जायची. समोरचा दर्जाने वरचा की खालचा, यावर क्रियापदं बदलतात; दरबारात एक रूप चुकलं तरी अपमान होतो. कोवळ्या वयात गेलेल्या गोन्सालोंना ती भाषा सहज आली. त्यांच्या पुढच्या आयुष्यात जे जे घडलं, ते या एका कौशल्यामुळे घडलं असं म्हणायला हरकत नाही.

त्यांना येशूसंघात प्रवेश हवा होता. तो मिळाला नाही. भारतात जन्मलेल्यांना आणि मिश्र वंशाच्यांना आत घ्यायला संघ त्या काळी फार नाखूश असे. भक्तिपर चरित्रांत हा भाग एका ओळीत उरकतात, पण तो त्यांच्या आयुष्यातला मोठा फाटा आहे. संघाचं काम सोडून ते व्यापारात उतरले, त्यात चांगला जम बसवला, आणि व्यापारानिमित्त मनिलाला गेले. फिलिपाईन्समधलं मनिला स्पॅनिशांच्या ताब्यात. तिथल्या फ्रान्सिस्कन या दुसऱ्या धर्मसंघाने त्यांना घेतलं.

घेतलं ते ब्रदर म्हणून, फादर म्हणून नव्हे. ब्रदर व्रतं घेतो, झगा घालतो, मठात राहतो; पण त्याला दीक्षा नसते, तो मिस्सा अर्पण करत नाही, पापनिवेदन ऐकत नाही. स्वयंपाक, दाराशी येणाऱ्यांची विचारपूस, आजाऱ्यांची शुश्रूषा, भिक्षा मागणं ही त्याची कामं. म्हणून ‘फादर गोन्सालो गार्सिया’ हे चूक.

एका दरबारात दोन संघ

१५९२ मध्ये कोरियावर चाल करून गेलेल्या तोयोतोमी हिदेयोशीने, जपानच्या तेव्हाच्या सर्वेसर्वाने, मनिलाच्या गव्हर्नरलाही शरण येण्याचं फर्मान धाडलं होतं. मनिलात घबराट. हातात पुरेसं सैन्य नाही, तेव्हा वेळ काढण्यासाठी वकील पाठवायचं ठरलं. १५९३च्या उन्हाळ्यात फ्रान्सिस्कन फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्या नेतृत्वाखाली ही मंडळी निघाली. जपानी बोलणारं माणूस त्यांच्यात हवंच होतं, आणि मनिलाच्या मठात ते होतं.

कोरियाच्या मोहिमेसाठी हिदेयोशीने क्यूशू बेटावर नागोया नावाचा किल्ला बांधला होता (आजचं मोठं नागोया शहर ते हे नव्हे). भेट तिथं झाली. हिदेयोशी गरजत होता, पेद्रो बाप्तिस्ता विनयाने नकार देत होते, आणि मध्ये गोन्सालो. अशा जागी दुभाष्याने अर्थ बदलायचा नसतो आणि धार मात्र बोथट करायची असते. निभावलं. मंडळींना क्योतोत राहायची मुभा मिळाली.

पुढच्या वर्षी त्यांनी क्योतोत चर्च उघडलं, जोडीला कुष्ठरोग्यांसाठी दवाखाना. मग ओसाकातही मठ. घंटा वाजवून, उघड दारांनी, अनवाणी हिंडून धर्मप्रचार सुरू झाला.

अडचण इथंच होती. मिशनऱ्यांनी देश सोडावा असा हुकूम हिदेयोशीने १५८७ मध्येच काढला होता. तो कडकपणे राबवला गेला नव्हता, कारण मकाऊचं रेशीम हवं होतं आणि व्यापारात जेज्वीट मध्यस्थ होते. जेज्वीटांनी त्यातून धडा घेतला होता: आवाज न करता राहायचं, मोठ्या लोकांशी सलोखा ठेवायचा, हुकूम निजला आहे तर त्याला उठवायचं नाही. फ्रान्सिस्कनांची पद्धत नेमकी उलटी. वर हक्काचा वादही होता. पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८५ मध्ये जपानचं क्षेत्र फक्त जेज्वीटांना दिलं होतं. पुढच्याच वर्षी पोप पाचवे सिक्स्तुस यांनी फिलिपाईन्सच्या फ्रान्सिस्कनांना आसपासच्या देशांत मठ काढायची परवानगी दिली. दोन्ही संघांच्या हातात पोपचा कागद. १५८० पासून पोर्तुगाल आणि स्पेनचा राजा एक असला, तरी मकाऊचे पोर्तुगीज आणि मनिलाचे स्पॅनिश व्यापारात एकमेकांना पाण्यात पाहत होते. जेज्वीटांच्या शाळेत घडलेला, पोर्तुगीज मुलखातला वसईकर स्पॅनिश फ्रान्सिस्कनांच्या बाजूने उभा होता. तिथली गुंतागुंत त्याच्याइतकी आतून कुणाला कळत असेल!

ठिणगी जहाजाने पडली. ‘सान फेलिपे’ हे माल भरलेलं स्पॅनिश गलबत मनिलाहून मेक्सिकोच्या आकापुल्कोला निघालं, वादळांनी मोडून गेलं आणि १९ ऑक्टोबर १५९६ रोजी शिकोकू बेटाच्या तोसा किनाऱ्याला लागलं. माल जप्त झाला. जहाजाच्या सुकाणूवाल्याने नकाशा पसरून स्पेनचं साम्राज्य दाखवलं आणि आधी धर्मगुरू जातात, मागाहून सैन्य, अशी बढाई मारली, ही कथा सगळीकडे वाचायला मिळते. ती जपून वापरावी. तो खरंच असं बोलला का, यावर तेव्हापासूनच भांडण आहे. फ्रान्सिस्कनांच्या मते जेज्वीट-पोर्तुगिजांनी हिदेयोशीचे कान भरले, जेज्वीटांच्या मते स्पॅनिशांनी स्वतःच्या तोंडाने ओढवून घेतलं. जप्तीचं मूल्य प्रचंड होतं आणि कोरियाच्या युद्धाने तिजोरी रिती होत होती, हे मात्र दोघांनाही नाकारता येत नाही.

पाटीवर काय लिहिलं होतं

डिसेंबरात ओसाका आणि क्योतोच्या मठांभोवती पहारा बसला. शेवटी चोवीस जण ठरले. नाक आणि कान कापावेत असा मूळ हुकूम होता. क्योतोचा अधिकारी इशिदा मित्सुनारी याने तो सौम्य करून डाव्या कानाचा तुकडा कापण्यावर निभावलं. ३ जानेवारी १५९७ रोजी ते झालं. मग बैलगाड्यांत बसवून क्योतो, ओसाका आणि साकाई या शहरांतून धिंड, आणि तिथून भर हिवाळ्यात नागासाकीपर्यंत सुमारे आठशे किलोमीटर वाट, महिनाभर. वाटेत मदतीला आलेल्या दोघांनाही पकडलं आणि आकडा सव्वीस झाला: सहा फ्रान्सिस्कन (गोन्सालो त्यांतलेच), तीन जपानी जेज्वीट आणि सतरा सामान्य प्रापंचिक. त्यांत बारा वर्षांचा लुईस इबाराकी होता.

मिरवणुकीच्या पुढे एक पाटी होती. गुन्हा आणि शिक्षा लोकांना वाचता यावी म्हणून. तिचा मजकूर समकालीन नोंदींतून आला आहे आणि त्याचा आशय असा: ही माणसं लुझोनहून (मनिलाच्या बेटावरून) वकील म्हणवून आली, क्योतोत राहिली, मी मागे बंदी घातलेला धर्म त्यांनी शिकवला, म्हणून त्यांना आणि त्यांचा धर्म घेतलेल्या जपान्यांना नागासाकीला क्रुसावर द्यावं. जहाजाचा उल्लेख नाही. हेरगिरीचा नाही.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर शिक्षा झाली. इथं चित्रकारांनी बराच घोळ घातला आहे. युरोपातल्या चित्रांत तळहातांना खिळे दिसतात. जपानी पद्धतीत खिळे नव्हते. हात, पाय आणि मान लोखंडी कड्यांनी व दोरांनी लाकडाला जखडायचे, पायांखाली आडवी फळी, आणि मध्ये बसायला एक खुंटी, म्हणजे शरीर खाली घसरत नाही. क्रूस जमिनीवर असतानाच माणूस बांधायचा, मग तो उचलून खड्ड्यात रोवायचा. रोमन पद्धतीत मरण तासन्‌तास लांबायचं. इथं दोन भालेकरी दोन्ही बाजूंनी बरगडीखालून खांद्याच्या दिशेने भाले खुपसायचे आणि थोड्या वेळात सगळं संपायचं.

या दिवसाची माहिती टिकली ती दोन माणसांमुळे. जपानमध्ये तीस वर्षांहून अधिक काढलेले जेज्वीट लुईस फ्रोईस यांनी दीड महिन्याच्या आतच अहवाल लिहिला आणि त्याच वर्षी जुलैत ते वारले. फ्रान्सिस्कन मार्सेलो दे रिबादेनेइरा यांचा इतिहास १६०१ मध्ये बार्सिलोनात छापला गेला. टेकडीवर काय झालं याबाबत दोघांचं बऱ्यापैकी जुळतं. का झालं, यावर मात्र प्रत्येक जण आपल्या संघाची बाजू लढवतो. कुणाचंही एकट्याचं वाचून मत बनवलं तर ते हमखास एकांगी होतं.

हुतात्मा कुणाला म्हणायचं

सध्याच्या नियमांत संतपदाची वाट अशी आहे. मृत्यूनंतर साधारण पाच वर्षं थांबून संबंधित धर्मप्रांताचा बिशप चौकशी सुरू करतो. तेव्हापासून ती व्यक्ती ‘देवाचा सेवक’. साक्षी, पत्रं, लिखाण गोळा होऊन रोमला जातं, तिथं इतिहासकार आणि ईश्वरविद्येचे जाणकार ते तपासतात. सद्गुण असामान्य होते असं ठरलं की ‘वंदनीय’. मग त्या व्यक्तीच्या मध्यस्थीने घडलेला एक चमत्कार सिद्ध झाला की ‘धन्यवादित’, आणि त्यानंतर आणखी एक सिद्ध झाला की ‘संत’. चमत्कार बहुधा आजार बरा होण्याचा असतो आणि वैद्यकीय मंडळाला त्याचं नैसर्गिक स्पष्टीकरण सापडू नये अशी अट असते. इथंच बहुतेक प्रकरणं वर्षानुवर्षं रखडतात.

हुतात्म्यासाठी, म्हणजे रक्तसाक्षीसाठी, यातला पहिला चमत्कार माफ आहे. पण त्याच्या बदल्यात सिद्ध कराव्या लागणाऱ्या गोष्टी सोप्या नाहीत. मरण खरंच आलं. मरणाऱ्याने ते श्रद्धेसाठी स्वीकारलं; शेवटच्या क्षणी माघार घेतली नाही, आणि मरण स्वतःहून अंगावर ओढूनही घेतलं नाही. आणि मारणाऱ्याचा हेतू श्रद्धेचा द्वेष हा होता. सगळं अडतं ते या शेवटच्या अटीवर. जमिनीच्या वादात, राजद्रोहाच्या आरोपाखाली, लुटीत किंवा युद्धात मारला गेलेला माणूस कितीही भाविक असो, तेवढ्यानं तो हुतात्मा ठरत नाही.

भारतातली अलीकडची उदाहरणं पाहिली की पेच कळतो. त्रावणकोरचे देवसहायम पिल्ले यांना १७५२ मध्ये गोळ्या घातल्या. त्यांचा गुन्हा धर्मांतर की राजद्रोह, यावर वाद झाला, आणि ते २०२२ मध्ये संत झाले. मध्य प्रदेशात सिस्टर रानी मारिया यांचा १९९५ मध्ये बसमधून ओढून खून झाला. गरिबांना सावकारी पाशातून सोडवण्याचं त्यांचं काम काहींना खुपत होतं. ते काम श्रद्धेतूनच आलेलं, असं मानून त्यांना २०१७ मध्ये इंदूरला धन्यवादित घोषित केलं.

गोन्सालोंच्या प्रकरणातही संशयाला भरपूर जागा आहे. ते वकिलातीचे सदस्य होते, शत्रुराष्ट्र ठरू शकेल अशा सत्तेकडून आले होते, वर जहाजाचं लफडं. मग श्रद्धेचा द्वेष कुठून सिद्ध करायचा? पाटीवरून. हिदेयोशीच्या मनात सोनं असेल, स्पेनची भीती असेल. पण शिक्षेचं कारण म्हणून त्याने स्वतः जाहीर केलं ते बंदी घातलेला धर्म शिकवणं. शिवाय ज्यांचा मनिलाशी काडीचा संबंध नव्हता अशा सामान्य जपानी माणसांनाही त्याच कारणासाठी क्रुसावर दिलं. श्रद्धा सोडलीस तर जीव वाचेल, असं लहानग्या लुईसला सांगितलं गेल्याचंही नोंदलं आहे. हेरांना कुणी असा पर्याय देत नाही. राजकीय कारणं खोटी होती असं यातून निघत नाही. मारणाऱ्याचे हेतू मिसळलेले असू शकतात, हे चर्चही मानतं. त्यांत श्रद्धेचा द्वेष ठळक आणि निर्णायक असला म्हणजे झालं.

२३५ वर्षं

पोप आठवे उर्बान यांनी १६२७ मध्ये सव्वीस जणांना धन्यवादित म्हणून मान्यता दिली. फ्रान्सिस्कन गटाची परवानगी १४ सप्टेंबरची, तीन जेज्वीटांची दुसऱ्या दिवसाची. मेल्यावरही दोन संघांच्या फायली वेगळ्या चालल्या त्या अशा. धन्यवादित म्हणजे मर्यादित भक्ती: ठरावीक संघात किंवा प्रदेशात त्यांची मिस्सा करता येते, जगभर नाही.

आणि मग काम थांबलं. जपानने १६१४ मध्ये ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी घातली आणि पुढे दारंच लावून घेतली. इकडे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. किल्ल्यातले मठ ओस पडले. १८५८च्या तहांनी जपान उघडलं तेव्हा रोमला जपानची पुन्हा आठवण झाली. पोप नववे पायस यांची राजकीय सत्ता त्याच सुमारास इटलीच्या एकीकरणात चालली होती. जगभरातले शेकडो बिशप रोमला बोलावून भव्य सोहळा करण्यात तोही हिशेब होता, असं मानायला जागा आहे. ८ जून १८६२, पेंटेकॉस्टचा रविवार; त्या दिवशी सव्वीसही जण संत ठरले. तीन वर्षांनी नागासाकीत या सव्वीस हुतात्म्यांच्या नावाने ओउरा चर्च उभं राहिलं, आणि १७ मार्च १८६५ रोजी तिथं आलेल्या काही गावकऱ्यांनी फ्रेंच धर्मगुरूला हळूच सांगितलं की आमचीही श्रद्धा तीच आहे. सुमारे अडीचशे वर्षं धर्मगुरूंवाचून ती घराघरांतून जपली गेली होती.

या मधल्या काळात गोन्सालोंची भक्ती सर्वांत जोमाने कुठं चालली? वसईत नव्हे, ब्राझीलमध्ये. तिथल्या मिश्र वंशाच्या लोकांना, पार्दोंना, आपल्या रंगाचा संत हवा होता. पेर्नाम्बुकोत रेसिफे इथं त्यांनी १७४५ मध्ये गोन्सालोंचा मोठा उत्सव केला, आणि फ्रान्सिस्कन फादर जाबोआतांव यांनी प्रवचनातून सिद्ध करून दाखवलं की वडील पोर्तुगीज आणि आई आशियाई, म्हणजे हा संत पार्दोच. वसईच्या त्या बाईची कागदावरची त्रोटक नोंद दुसऱ्या खंडात पुरावा म्हणून उभी राहिली. पेनेदो आणि सांव जुआंव देल-रेइ या गावांत त्यांच्या नावाची जुनी चर्चेस आजही आहेत. १८६२च्या आधी ‘संत’ म्हणून झालेली ही भक्ती नियमाला धरून नव्हती. कुणाला त्याची पर्वा होती असं दिसत नाही.

वसईत किल्ल्यातल्या येशूनाम चर्चला आज लोक गोन्सालो गार्सिया चर्च म्हणूनच ओळखतात. गास गावचं चर्च त्यांच्या नावाचं आहे, वसईतलं एक महाविद्यालयही. नागासाकीत निशिझाका टेकडीवर १९६२ मध्ये, संतपदाच्या शताब्दीला, सव्वीस कांस्यमूर्तींचं स्मारक आणि शेजारी संग्रहालय झालं; शिल्पकार यासुताके फुनाकोशी. मराठी माणूस नागासाकीला गेला तर रेल्वे स्टेशनपासून ते चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

उपासनेच्या जागतिक दिनदर्शिकेत ‘गोन्सालो गार्सिया’ शोधाल तर बहुधा सापडणार नाही. मृत्यू ५ फेब्रुवारीचा, पण त्या दिवशी संत आगाथाचा सण असतो; म्हणून सगळ्यांचा स्मरणदिन ६ फेब्रुवारीला, ‘संत पॉल मिकी आणि त्यांचे सोबती’ या नावाने. मिकी हे तीन जपानी जेज्वीटांपैकी एक; आपले गोन्सालो त्या सोबत्यांत. आणि पोर्तुगीज मुलखात कुठंही नुसतं ‘सांव गोन्सालो’ दिसलं की लगेच वसईकर समजू नये. तो बहुतेक वेळा पोर्तुगालच्या आमारांतचा तेराव्या शतकातला गोन्सालो असतो. त्याच्याजवळ पूल दाखवतात आणि त्याचा झगा काळा-पांढरा. वसईच्या गोन्सालोंचा झगा फ्रान्सिस्कन, कमरेला गाठींचा दोर, सोबत क्रूस आणि भाले.